कोळशाच्या ढिगाअलीकडं

माझी बायको गेल्या उन्हाळ्यात वारली. भेटायला येणारी माणसं दारात चपला काढायची, मान खाली घालून जरा वेळ बसायची, आणि चहा येईपर्यंत त्यातलं कुणीतरी हळूच विचारायचंच, "मग आता खालच्या रेल्वेचं काय करणार?" एकदोघांनी तर, आलोच आहोत तर बघून जातो, असंही म्हटलं. मी बघू दिली. ती असती तर तिनंही दाखवली असती. फक्त हात पाठीमागं धरायला लावले असते.

बघून गेलेली माणसं बाहेर सांगतात, म्हातारीला उतारवयात खेळण्याचा नाद लागला होता. मला राग येतो. मी सातवी शिकलेला माणूस, वाळूजला लेथवर जन्म गेला, लिहायची सवय नाय. पण एकेकाशी किती तोंड वाजवणार? म्हणून लिहून ठेवतो.

तिचं नाव द्रौपदा. माहेर चांद्याकडचं, कोळशाच्या खाणीवरचं. खाणीचं नाव लिहीत नाय. तिथं अजून जुनी माणसं आहेत. लग्न होऊन आमच्या मुकुंदवाडीत आली, इथंच म्हातारी झाली, पण जिभेवरचा चांदा काही गेला नाय. सगळी गल्ली "कशाला" म्हणायची, ही "काऊन" म्हणायची. भाजीवाला तिची नक्कल करायचा, "काऊन जी मावशी, भेंडी घेता का?" ती म्हणायची, "जून हाय. तुह्यासारखी." आणि पुढं जायची.

अंगानं किडकिडीत. उंची माझ्या खांद्याखाली. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, कारण नवी काडी म्हणे कानाला टोचते. देवाला रोज दिवा लावायची, पण मागायची काही नाय. मी एकदा विचारलं, "एवढे हात जोडून काय बोलतेस?" तर म्हणाली, "काही नाही. हजेरी."

तिच्या दोन सवयींनी मला जन्मभर वैताग दिला.

पहिली चाकाची. आमची गल्ली नाल्याच्या बाजूला उतरती आहे. उतारावर कुणाचंही चाक उभं दिसलं की ही त्याखाली दगड लावायची. हातगाडी, रिक्षा, पोरांची सायकल, काही सोडलं नाय. समोरच्या मास्तरांनी नवी कार घेतली, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर ऐटीत गाडी चालू केली. गाडी एक हिसका देऊन बंद पडली. परत चालू केली, परत हिसका. मास्तर उतरले, वाकून बघितलं, चाकाखाली हा एवढा दगड.

"वहिनी, गाडीला हँडब्रेक असतो हो!" मास्तर चिडून म्हणाले.

"असन," ही म्हणाली. "दगड त्याचं काही खाते काय?"

दुसरी सवय जास्त वाईट. कुणीही काही सांगायला लागलं की ही मधेच विचारायची, "तुमी पाह्यलं काय?" बायका दारात बसून कुणाच्या सुनेचं काही बोलायला लागल्या की हिचा हाच प्रश्न. मग बोलणंच बंद पडायचं. बायका हिला बोलवेनाशा झाल्या. एकदा गल्लीतली पाण्याची मोटार चोरीला गेली. सगळ्यांनी ठरवून टाकलं की वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पोरानंच नेली. पोरगा शिफ्टला वाळूजला गेलेला, त्याचं सामान रस्त्यावर काढायची तयारी झाली. ही त्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. कुणाशी भांडली नाय. वर जायला निघालेल्या प्रत्येकाला एवढंच विचारलं, "तू पाह्यलं? बरं, तू पाह्यलं?" एकानंही हो म्हटलं नाय. दुपारपर्यंत लोक कंटाळून गेले. मोटार कुणी नेली ते कधीच कळलं नाय. मी तिला म्हटलं, त्यानंच नेली असंल तर? ती म्हणाली, "नेली असन. पन पाह्यलं कोनं?"

हे असं का, ते मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. एकदाच सांगितलं तिनं, भाकरी थापता थापता, तव्याकडं बघत.

तिचा बाप खाणीच्या साइडिंगवर काटेवाला होता. म्हणजे रूळ बदलायचं काम. साइडिंगचं काम असं चालायचं: इंजिन रिकामे डबे वर चढावर ढकलून ठेवायचं. तिथं कोळशाचं बंकर. बंकरखाली एकेक डबा भरायचा आणि भरला की उतारानं आपोआप खाली सोडायचा. खाली काटेवाल्यानं त्याला बरोबर रुळावर घ्यायचं, थांबला की त्याचं चक्र फिरवून ब्रेक बांधायचा, चाकाखाली लाकूड ठोकायचं. असे डबे साठले की संध्याकाळी इंजिन येऊन सगळे घेऊन जायचं.

एका दुपारी खाली उभे असलेले भरले डबे सुटले. दोन डब्यांच्या मधे तो सापडला. जागच्या जागी गेला.

साहेब लोकांनी ठरवलं, ब्रेक बांधला नव्हता. वस्तीनं त्यावर आपलं जोडलं, पिऊन होता. द्रौपदा तेव्हा परकरातली पोर. बापाला जेवणाचा डबा घेऊन गेली होती. तिनं मला सांगितलं, "मी नळापाशी उभी होती. बाबानं चक्र फिरवून फिरवून ब्रेक बांधला, मंग लाकूड ठोकलं. मी पाह्यलं. पन पोरीले कोन इचारते?"

तिचा भाऊ नामदेव तेव्हा झोळीत होता. पुढं आईनं दोघांना घेऊन भावाचं घर गाठलं, पण तेही तिथंच, खाणीच्या वस्तीत. नामदेव मोठा झाला तो 'बिनब्रेकवाल्याचा पोरगा' हे ऐकतच. आणि दुसऱ्या कानानं बहिणीचं ऐकत, की मी पाह्यलं, बाबानं ब्रेक बांधला होता. एका लग्नात, पंगत बसलेली, कुणीतरी त्याला वाढताना जुनी थट्टा केली. नामदेवनं उठून त्या माणसाचे दात पाडले. मी तिथं होतो. चार माणसांनी धरलेला, तोंडाला फेस, आणि ओरडतोय, "माह्या बहिणीनं पाह्यलं हाय!" सगळा मांडव द्रौपदाकडं बघायला लागला. ती पानावरून उठली, म्हणाली, "हो. पाह्यलं." आणि परत जेवायला बसली.

एवढ्या एका वाक्यावर तो माणूस उभा होता.

आता तळघराचं. आमचा प्लॉट खोलगट, पाया खणता खणताच अर्धं तळघर झालेलं. मग मी ते पुरं करून घेतलं आणि मंडपवाल्याला सामान ठेवायला दिलं. पोरीचं लग्न झालं, ती नांदायला गेली. काही वर्षांनी मंडपवालाही गेला. तळघर रिकामं. अशात एक दिवस नामदेवचा फोन आला. खाण वाढवतायत, जुनी साइडिंग उपसून टाकली, बंकर पाडलं, जिथं रूळ होते तिथं आता मोठा खड्डा. म्हणाला, "आता कोनाले दाखवाले काही राह्यलं नाही, ताई."

तिनं फोन ठेवला. भांडी घासली. मग मला म्हणाली, "तळघर झाडून द्या. साइडिंग मी बांधतो म्हणावं त्याले. येत्या भाऊबीजेले ये अन् डोयानं पाह्य."

मला वाटलं, काहीतरी बोलते. दुसऱ्या दिवशी खाली गेलो तर ही पदर खोचून, खडू घेऊन जमिनीवर रेघा मारत होती. बंकरच्या जागी उपडी बादली. काट्याच्या जागी उलथणं. नळाच्या जागी तांब्या.

मापाचं काय, विचारलं. खाणीवरची माणसं लांबी डब्यात सांगतात, हे मला तेव्हा कळलं. नळ काट्यापासून तीन डबे. बंकर तिथून पुढं आठ डबे. कोळशाचा पडका ढीग दोन डबे लांब आणि डब्याहून चांगला उंच, कारण बायका त्याच्यावर टोपली घेऊन चढायच्या. तिच्या डोक्यात सगळं असंच साठवलेलं होतं. तिनं ठरवलं, आपली एक वीत म्हणजे एक डबा. झालं. बाकी सगळं त्या वितीनं मोजलं. मी टेप घेऊन गेलो तर म्हणाली, "तो तुमच्या लेथले ठेवा."

लाकडी फळ्यांचं कमरेइतकं उंच टेबल मी केलं, भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चाकं मी ओळखीच्या शेडवर जाऊन लेथवर पितळेची काढून आणली. बाकीचं यूनुसभाईनं केलं. यूनुसभाई म्हणजे माझा जुना दोस्त, शहागंजात त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं छोटं दुकान. तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून त्यानं डबे केले, खेळण्यातल्या मोटारी काढून इंजिन केलं. आठवड्यातून दोनदा यायचा, पहिल्यांदा चहा मागायचा आणि मग भांडण.

एकदा त्यानं इंजिन लावून गाडी चालवली. भरलेली गाडी साइडिंगवरून निघाली आणि भिंतीच्या भोकातून जिन्याखाली गेली. पुढं काही नाय. त्या टोकाला काय करायचं ते द्रौपदानं सांगितलंच नव्हतं.

"भाभी, ये कोयला जाता किधर?"

"बिजलीघरात."

"तो बिजलीघर बनाने का नै क्या?"

"मी पाह्यलं नाही ते. कसं बनवू?"

"अजीब औरत है," यूनुसभाई मला म्हणाला. "आधी दुनिया बनाती, आधी अल्ला के भरोसे छोड़ती."

कोळशावरून तर माझ्याशीच वाजलं. मी आपला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून पिशवीभर कोळसा आणला. तिनं एक तुकडा उचलला, हातात तोलला, आणि पिशवी तशीच माझ्या हातात दिली. "हे जळकं लाकूड हाय. कोळसा नाही." मी म्हटलं काळंच आहे ना? ती म्हणाली, "तुमी पन काळेच हाय." शेवटी नामदेवनं ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर खरा दगडी कोळसा धाडला. ते पोतं उघडल्यावर तिनं आधी वास घेतला. मग खलबत्त्यात घालून बारीक करत बसली, चार दिवस. घरात दोघांनाही खोकला.

आणि तिचंच खरं निघालं. पत्र्याचे रिकामे डबे त्या उतारावर सोडले तर निम्म्यात थांबायचे. इस्त्रीचा कोळसा घालून बघितला होता, तरी तेच. दगडी कोळसा भरला तेव्हा डबा खरंच भरल्या डब्यासारखा चालला. जड, सावकाश, आणि मग एकदम कुणाचं न ऐकणारा. चाकाखाली काडीचा तुकडा लावला की थांबायचा. काडी काढली की सुटायचा. आम्ही तिघंही ते बघत उभे राहिलो. यूनुसभाईनं कानाला हात लावले. द्रौपदा म्हणाली, "असेच सुटले असतीन." एवढंच.

दिवाळी जवळ आली तोवर सगळं उभं राहिलं होतं. बंकर, काटे, दोन रूळ, मधे ढीग, अलीकडं नळ. ढिगाच्या पोटात तिनं पोत्याचे तुकडे भरले आणि वरून कोळसा. नळ म्हणजे पेनच्या रिफिलचा तुकडा. वरून बघितलं की सगळं कसं तळहातासारखं दिसायचं. तिनं ठरवून ठेवलं होतं, नामदेवला आधी गाडी दाखवायची, मग नळ दाखवायचा, मग बाबा कुठं उभा होता ते दाखवायचं. मग म्हणायचं, पाह्य.

भाऊबीजेला थोडेच दिवस राहिले असताना ते झालं. दुपारची वेळ. यूनुसभाई एका डब्याचं चाक सरळ करत होता. द्रौपदाचे गुडघे त्या दिवशी फार दुखत होते. उभं राहवेना, म्हणून तिनं भिंतीकडचा बुटका चौरंग ओढला आणि टेबलाशी टेकून त्यावर बसली. तिची हनुवटी फळीच्या कडेला आली. नेमकी नळापाशी.

फळीची कड तिनं दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं, कळ आली असंल.

मग म्हणाली, "दिसत नाही."

"काय दिसत नाय?"

"पल्याडचा रूळ. ढीग आडवा येते."

यूनुसभाई वाकला, तिच्या शेजारून बघितलं. मग मी. खरंच होतं. नळापाशी डोळा नेला की समोर कोळशाचा ढीग, आणि त्यावर बंकरचं टोक. ज्या रुळावरून ते डबे सुटले, तो रूळ सगळाच्या सगळा ढिगाच्या पलीकडं. सारा उन्हाळा, सारा पावसाळा आम्ही तिघं म्हातारे उभं राहून वरून बघत होतो. परकरातली पोर कुठून बघंल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाय.

यूनुसभाई सरळ झाला. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "नल को सरकाओ ना भाभी. दो उंगल. किसको मालूम पड़ता?"

"मले."

मी म्हटलं, "मग ढीग जरा उतरव. रोज थोडाच तेवढा असंल?"

"बाया चढत होत्या त्याच्यावर," ती म्हणाली. "माही आईपन चढत होती. तेवढाच होता."

"अगं, तू पुढं गेली असशील. ढिगाला वळसा घालून."

"पोरीले नळाच्या पुढं जाऊ देत नव्हते. बाबानंच बजावलं होतं. मी कधी गेली नाही." चष्मा काढून तिनं पदरानं पुसला. पुसतच राहिली. "मंग मी काय पाह्यलं हो?"

यूनुसभाईनं पक्कड खाली ठेवली आणि पहिल्यांदाच चहा न पिता गेला.

ते दिवस मला आठवतात. ती चकल्या तळायची, करंज्या भरायची, पणत्या धुवायची, पण तळघरात उतरली नाय. मी एकदा म्हटलं, नामदेवला सांगू नको. साठीचा माणूस आहे, जन्म त्याच्यावर काढलाय, आता कशाला? तो वरून बघंल, खूश होईल, जाईल. त्याला बसायला कोण सांगतंय? ती करंजीची कड मुरडत होती. ती थांबली नाय, माझ्याकडं बघितलंही नाय. "जिन्यावर बसली होती मी त्या पोरासाठी," एवढंच म्हणाली.

भाऊबीजेला नामदेव आला. नवा शर्ट, केसाला कलप, हातात साडीची पिशवी. मुकुंदवाडी स्टेशनवरून चालतच आला आणि दारातूनच ओरडला, "ताई, कोठी हाय माही साइडिंग?" तिनं त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं, करंजी भरवली. तो घास तोंडात असतानाच उठला.

ती दोघं खाली गेली. मी चहा घेऊन मागून निघालो, आणि जिन्यात थांबलो. खाली जाणं मला बरं वाटेना. तिथून सगळं दिसत होतं.

नामदेव लहान पोरासारखा झाला होता. "हे बंकर! हा काटा! अरे बाप रे, ताई, चढावाचा रूळपन देल्ला!" तिनं गाडी चालवून दाखवली. त्यानं टाळ्या वाजवल्या. मग त्याचा आवाज उतरला. "बाबा कोठी होते?"

तिनं ढिगाच्या पलीकडं बोट ठेवलं.

"अन् तू?"

तिनं नळावर बोट ठेवलं.

नामदेवनं वरून एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. मान हलवली. "जवळच त हाय. दिसनच ना."

"वरून नोको पाहू," ती म्हणाली. "खाली बस. माह्याएवढा हो."

तो हसला. मग तिच्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. गुडघ्यावर हात ठेवून कसाबसा चौरंगावर बसला, हनुवटी फळीला लावली. एक डोळा मिटला. मग दोन्ही उघडले. मान इकडं केली, तिकडं केली.

"ताई, ढीग आडवा येते."

"हो."

"मंग तुले दिसलं कसं?"

"नसन दिसलं नाम्या. दिसूच शकत नाही."

"तू त म्हनत होती पाह्यलं म्हनून."

"म्हनत होती. इतकं म्हनलं, इतकं म्हनलं, का मलेच दिसाले लागलं. तुह्याशी खोटं नाही बोलली मी. पन ते खरं नाही."

नामदेव हलला नाय. त्याचा कलप लावलेला डोक्याचा मागचा भाग मला दिसत होता, आणि कान. कान लाल झाले होते.

"मी लोकाचे दात पाडले, ताई," तो म्हणाला. "तुह्या शब्दावर."

"मले माहीत हाय."

"मंग बाबानं ब्रेक बांधला का नाही?"

"मले माहीत नाही."

तो फळीला हात देऊन उठायला लागला. मला वाटलं, हा आता पिशवी उचलून चालला, आणि परत या घराची पायरी चढायचा नाय. द्रौपदाला वाटलं असंल तेच. तिनं त्याच्या शर्टाची बाही धरली.

"बस. पाह्यलं ते सांगतो तुले. ढिगाच्या अलीकडचं."

तो उठलाही नाय, बसलाही नाय, तसाच अर्धा राहिला. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. त्या गुडघ्यांनी ती खाली कशी बसली, मला माहीत नाय.

"तो ढिगाले वळसा घालून नळावर आला," ती म्हणाली. "हात धुतले. हात काही निघत नव्हते, काळेच राह्यले, म्हनून मले म्हने, झाकन तूच काढ. मी काढलं. भाकर होती, चटनी होती, गुळाचा खडा होता. त्यानं इचारलं, नाम्या उठला काय. मी म्हनली, उठला, रडून राह्यला, त्याले दात येऊन राह्यले. मंग त्यानं गूळ तोडला. अर्धा परत फडक्यात बांधून देल्ला. म्हने, त्याले चाटव."

नामदेव खाली बसला.

"मंग?"

"मंग मी घरी आली. तुले झोळीतून काढलं, गूळ चाटवला. तू माहं बोट चावलं. असं चावलं का मी बोंबलली, आई धावत आली." तिनं ते बोट अंगठ्यानं चोळलं. "तेव्हाच खाणीचा भोंगा वाजला. अवेळी."

"हे कधी सांगितलं नाही तू."

"ब्रेकच सांगत राह्यली मी. याचं कोनाले काय काम होतं?"

नामदेवनं तोंडावरून हात फिरवला. साठ वर्षांचा माणूस. बापाचा फोटो नाय, आवाज नाय, काही नाय त्याच्याकडं. होतं ते एक ब्रेकचं चक्र, आणि तेही आत्ताच गेलेलं.

"मी चावलो?" त्यानं विचारलं.

"रगत काढलं."

तो हसल्यासारखा झाला. मग त्यानं फळीवर दोन्ही हात टेकले, त्यांवर हनुवटी ठेवली. तिला हात देऊन शेजारी चौरंगावर घेतलं, तीही तशीच टेकली. दोन म्हातारी डोकी, त्यातलं एक कलप लावलेलं, आणि समोर कोळशाचा ढीग. पलीकडं काय आहे ते बघायचा दोघांपैकी कुणीच खटाटोप केला नाय.

ती भाऊबीज तिची शेवटची. पुढं दवाखाना, नळ्या, आणि जे व्हायचं ते झालं. ते मी लिहीत नाय. लोक रेल्वे बघायला आले की मी जिन्यातच थांबतो, आणि मला ती त्या दिवशी दिसली तशी दिसते.

"अजून सांग," नामदेव म्हणत होता. "अंगात काय होतं त्याच्या?"

"खाकी सदरा. बटन नव्हतं वरचं."

"गूळ तोडला तो दातानं का हातानं?"

"हातानं."

"कोन्त्या हातानं?"

तिनं डोळे मिटले, आपले दोन्ही हात पुढं धरले, आधी एक जरासा उचलला, मग दुसरा, आणि आठवून बघायला लागली.